दुसऱ्याच्या सहीचे हक्क

1954 साली गोंदिया हा भंडारा जिल्ह्यातला एक तालुका होता. भंडारा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. त्या उन्हाळ्यात इथे लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर उमेदवार म्हणून उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा होता, म्हणून प्रत्येक मतदाराला दोन मते होती. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष पडला. दुसरे मत कुजवा म्हणजे आपले पारडे जड होईल, असा सल्ला कार्यकर्त्यांनी दिला होता आणि बाबासाहेबांनी तो झिडकारला, असे या भागातली जुनी माणसे सांगत आली आहेत. मताचा हक्क ज्याने घटनेत लिहिला, त्याने तो वाया घालवायला सांगू नये, एवढाच त्यातला मुद्दा.

त्याच उन्हाळ्यात, 17 मे रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्याचा निकाल दिला. काळ्या आणि गोऱ्या मुलांना वेगवेगळ्या शाळांत बसवणे घटनाबाह्य ठरले. आधार होता चौदाव्या दुरुस्तीचा. ही दुरुस्ती 1868 ची, यादवी युद्धानंतरची. गुलामगिरीतून सुटलेल्यांना नागरिक म्हणून उभे करण्यासाठी ती झाली. याच दुरुस्तीत 22 जानेवारी 1973 रोजी रो खटल्यात न्यायालयाला गर्भपाताचा हक्क सापडला आणि 24 जून 2022 रोजी डॉब्ज खटल्यात त्याच न्यायालयाला तो तिथे मुळी नव्हताच असे दिसले. पुढच्याच वर्षी, 29 जून 2023 रोजी, विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करणेही बंद झाले. तिकडे गर्भपात आणि वंशसमता ही दोन्ही भांडणे एकाच दुरुस्तीवर उभी आहेत, त्यामुळे एकीकडे धक्का बसला की दुसरीकडे भेगा पडतात. आपल्याकडे वरवर पाहता तसे नाही. गर्भपाताचा वाद कलम 21 खाली चालतो, जातीचा कलम 14 ते 17 खाली. वकील वेगळे, चळवळी वेगळ्या, वर्तमानपत्रांची पाने वेगळी. गर्भपाताची बातमी आरोग्याच्या पानावर येते आणि आरक्षणाची राजकारणाच्या.

या लेखसंग्रहाचा आग्रह असा की गोंदियासारख्या जिल्ह्यातून पाहिले तर ही दोन्ही भांडणे एकाच जागी येऊन अडतात. अमेरिकी वादात हक्क म्हणजे सरकारला घातलेली मनाई. आमच्याकडे हक्क बहुधा दाखल्याच्या रूपात हाती पडतो. पोटातला गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवायला नोंदणीकृत डॉक्टरचे मत लागते. वीस आठवड्यांपुढे दोघांचे, चोवीसच्या पुढे मंडळाचे. आपण कोणत्या जमातीत जन्मलो हे सांगायला आधी उपविभागीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो, मग तपासणी समितीची व्हॅलिडिटी. देह आणि जन्म या दोन गोष्टी ज्याच्या त्याला सर्वांत जवळून ठाऊक असतात, आणि नेमकी त्यांच्याबाबतच त्याची स्वतःची साक्ष पुरत नाही. हे असे का झाले याला कारणे आहेत आणि त्यातली काही कारणे चांगलीही आहेत. पण झाले आहे ते असे, आणि गर्भपाताची नि समतेची चर्चा वेगवेगळ्या खोल्यांत केल्याने ते दिसत नाही.

मराठी मुलखात या दोन विषयांची गाठ नवी नाही. 1863 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेला दिवस गेले की तिच्यापुढे तीन वाटा असत: गर्भ पाडणे, मूल जन्मल्यावर मारणे किंवा विहीर. त्यातल्या बहुतेक विधवा ब्राह्मण घरच्या, आणि त्यांना दार उघडणारे जोडपे माळ्याचे. याच जोतीरावांनी दहा वर्षांनी, 1873 मध्ये, ‘गुलामगिरी’ लिहिली आणि निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. स्त्रीचा देह आणि माणसाची जात या दोन गोष्टी त्यांच्यापुरत्या एकाच हिशेबाच्या होत्या. 1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून बायकांवर तोंडसुख घेणे सुरू झाले, आणि त्यावर संतापून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली. वऱ्हाडातल्या एका मराठा घरच्या बाईने हा प्रश्न पोटापासून सुरू करून धर्मशास्त्रापर्यंत नेला. त्या वेळी कायदा मात्र आधीच होऊन बसला होता. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 312 ने गर्भ पाडणे गुन्हा केला होता, आणि गर्भ पाडणारी बाई स्वतःही त्या कलमाखाली आरोपी ठरत होती.

पुढचा दुवा र. धों. कर्व्यांचा. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा 1934 मध्ये त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. आणि 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, तेव्हा त्यांचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. ठराव फेटाळला गेला. बाळंतपणाचा भार कोणाच्या अंगावर पडतो आणि तो नाकारण्याची मुभा तिला असावी की नाही, हा प्रश्न त्यात थेट विचारला होता. दलित चळवळीच्या इतिहासात हे भाषण अनेकदा तळटिपेत जाते, आणि स्त्री-आरोग्याच्या इतिहासात तेवढीही जागा त्याला मिळत नाही. 1946 मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून तिथल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती, हेही इथेच नोंदवावेसे वाटते. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच नात्याची पुढची पिढी.

आता स्वातंत्र्यानंतरचा कायदा. 1964 मध्ये शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, 1966 च्या अखेरीस तिचा अहवाल आला, 1971 मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून तो लागू झाला. अमेरिकेत ज्या प्रश्नावर पुढे निवडणुका लढवल्या गेल्या, तो आपल्या संसदेत फारशी खळखळ न होता सुटला. याचे श्रेय आपल्या पुरोगामीपणाला द्यायचा मोह होतो. मला ते पटत नाही. एकीकडे असुरक्षित गर्भपातात मरणाऱ्या बायकांची डॉक्टरांना वाटणारी काळजी होती, दुसरीकडे लोकसंख्येची धास्ती होती, आणि ‘तिचा हक्क’ हा शब्द दोन्हीकडे नव्हता. दंड संहितेचे कलम तसेच ठेवून डॉक्टरला त्यातून सूट दिली गेली. बाईच्या वाट्याला आली ती डॉक्टरच्या सूटीतली सावली. राज्य तिच्या पोटाकडे कोणत्या नजरेने पाहत होते हे पाचच वर्षांत दिसले. 1976 मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर करणारे राज्य महाराष्ट्रच होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. आजही 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झाले तर ग्रामपंचायतीचे पद जाते. राखीव जागेवर निवडून आलेली सरपंच दिवस गेल्यावर काय विचार करत असेल याची कल्पना मुंबईत बसून येत नाही. एका कलमाने तिला खुर्ची दिली, दुसऱ्या नियमाने तिच्या कुशीवर पहारा ठेवला. 2003 मध्ये हरियाणातल्या जावेद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमाला मान्यता दिली आहे.

हक्काची भाषा न्यायालयांतून आली, आणि ती उशिरा आली. 1950 च्या गोपालन खटल्यात कलम 21 चा अर्थ कायद्याने ठरवलेली पद्धत पाळली की झाले, एवढाच होता. 1978 मध्ये मनेका गांधी खटल्याने त्या कलमात न्याय्यतेचा प्राण घातला. 2009 मध्ये सुचिता श्रीवास्तव खटल्यात मूल होऊ द्यायचे की नाही ही निवड स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानली गेली. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. व्ही. के. ताहिलरमाणी आणि न्या. मृदुला भाटकर यांच्या खंडपीठाने कारागृहातल्या स्त्रियांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि गर्भाबाबतचा निर्णय त्या स्त्रीचाच, मग ती विवाहित असो की नसो, असे स्पष्ट केले. 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्याने खासगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला. गर्भपात कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीने मुदत वाढवली. सर्वोच्च न्यायालयाच्या 29 सप्टेंबर 2022 च्या निकालाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांपर्यंतची वाट मोकळी केली, आणि अल्पवयीन मुलीने व पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना तिचे नाव कळवण्याची गरज नाही असेही सांगितले. ऑक्टोबर 2023 मध्ये मात्र सव्वीस आठवडे उलटलेल्या एका विवाहित स्त्रीला त्याच न्यायालयाने परवानगी नाकारली. मुंबईत 2008 मध्ये डॉ. निखिल दातार आणि एका दाम्पत्याची याचिका फेटाळली गेली, तेव्हापासून आठवडे मोजण्याचे हे काम न्यायाधीशांच्या मागे लागले आहे.

या निकालांचा गोंदियाच्या बाईला काय उपयोग होतो, हे पाहायला एका गोष्टीवर थांबावे लागेल. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला कायद्याने फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही. तरी ती मागितली जाते, सरकारीतही आणि खासगीतही, कारण उद्या भांडण झाले तर डॉक्टरला कागद हवा असतो. म्हणजे कायद्याने ज्या सह्या लावल्या त्यात समाजाने आपली एक वाढवली. देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावातून निघालेली बाई आधी आशाताईकडे, मग उपकेंद्रात, मग ग्रामीण रुग्णालयात, शेवटी गोंदियाच्या बाई गंगाबाई रुग्णालयात पोचते. रोवणीचे दिवस असतील तर रोज बुडतो, तेंदूपत्त्याचे असतील तर हंगामच जातो. आठवडे पुढे सरकतात. चोवीसचा उंबरठा ओलांडला की नागपूर खंडपीठ. निकालपत्रातले आठवडे आणि या वाटेवरचे आठवडे सारख्या गतीने जात नाहीत. देशात 2015 साली सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यातले जवळपास तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर गोळ्या घेऊन झाले, असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. म्हणजे ज्या कायद्यावर एवढी न्यायालयीन शाई खर्च झाली, त्याच्या बाहेरच बहुतेक बायका आपला प्रश्न सोडवून घेतात.

आणि इथेच महाराष्ट्राची एक चांगली लढाई गोंदियाच्या बाईला नडली. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्राने केला. त्यामागे मुंबईतल्या स्त्रीवादी आणि डॉक्टर कार्यकर्त्यांची मोहीम होती. 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला. तो कागदावरच राहतो आहे म्हणून सेहत आणि मासूम या संस्था डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हे सारे अभिमानाचे. पण 2011 च्या जनगणनेत राज्यात हजार मुलांमागे 894 मुली निघाल्या, बीडमध्ये 807, आणि त्यानंतर बीडमधली गर्भलिंगनिदानाची प्रकरणे बाहेर आल्यावर सरकार धडाक्याने कामाला लागले. सोनोग्राफीवर नजर ठेवणे योग्यच होते. पण औषध दुकानांत गर्भपाताच्या गोळ्यांच्या तपासण्या इतक्या कडक झाल्या की अनेक दुकानदारांनी त्या ठेवणेच सोडले. गोळ्या पहिल्या नऊ आठवड्यांपर्यंत चालतात. सोनोग्राफीत लिंग कळते ते बारा-तेरा आठवड्यांनंतर. ज्या गोळीने मुलगी निवडून मारता येत नाही, तीच गोळी मुलींच्या नावाने दिसेनाशी झाली. गोंदिया जिल्ह्यात त्याच जनगणनेत हजार पुरुषांमागे 999 स्त्रिया होत्या आणि लहान मुलींचे प्रमाण साडेनऊशेच्या वर होते. इथल्या धानपट्ट्यातल्या आणि जंगलपट्ट्यातल्या बायकांनी जे पाप केले नाही त्याचे प्रायश्चित्त त्यांना भरावे लागले, असे माझे मत आहे. संग्रहातल्या दोन लेखकांना ते मान्य नाही. त्यांचे म्हणणे, कडक तपासणी नसती तर बीडची लागण इकडेही झाली असती. वाचकाने दोन्ही बाजू वाचाव्यात.

आता जातीकडे. इथे राज्यघटना अमेरिकेपेक्षा धीट आहे. चौदाव्या दुरुस्तीत वंशाचे नावही नाही; आपल्या कलम 15 मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान सारे उघड लिहिले आहे आणि कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली आहे. 1951 मध्ये चंपकम दोरायराजन खटल्यात मद्रासचे जातवार प्रवेश रद्द झाले, तेव्हा संसदेने त्याच वर्षी पहिली दुरुस्ती करून कलम 15(4) घातले. 1975 च्या थॉमस खटल्याने राखीव जागा हा समतेला अपवाद नसून समतेचाच भाग आहे असे म्हटले, 1992 च्या इंद्रा साहनी निकालाने पन्नास टक्क्यांची मर्यादा पक्की केली, आणि 5 मे 2021 रोजी मराठा आरक्षण त्याच मर्यादेवर आपटले. हा राजमार्ग सर्वांना माहीत आहे, म्हणून इथे पटकन ओलांडतो.

विदर्भाची पायवाट मात्र वेगळी आहे. इथला झगडा टक्क्यांपेक्षा यादीतल्या नावाचा आहे. हलबा ही अनुसूचित जमात. देवरी-सालेकसा भागात ती आहे. नागपूर-भंडाऱ्याकडचे विणकर कोष्टी म्हणतात, आम्हीही हलबाच. 28 नोव्हेंबर 2000 रोजी मिलिंद खटल्यात घटनापीठाने सांगितले की राष्ट्रपतींच्या यादीत जे नाव आहे तेच वाचायचे, न्यायालयाने त्याला शेपूट जोडायचे नाही, बदल करायचा तर संसदेने. ज्या विद्यार्थ्याच्या नावाने खटला गाजला त्याची वैद्यकीय पदवी मात्र न्यायालयाने काढून घेतली नाही. गोवारींची गोष्ट त्याहून कठोर. यादीत ‘गोंड गोवारी’ आहे, गावात गुरे राखणारा समाज स्वतःला नुसता गोवारी म्हणवतो. 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपूरला विधिमंडळावर मोर्चा गेला आणि चेंगराचेंगरीत 114 गोवारी मेले. 14 ऑगस्ट 2018 रोजी नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 18 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. मधल्या दोन-अडीच वर्षांत ज्यांना दाखले मिळाले, ज्यांनी प्रवेश घेतले, त्यांची उमेद आणि त्यांची फरफट या जिल्ह्यातल्या कित्येक घरांत आहे.

दाखल्यामागचे दाखलेही पाहण्यासारखे आहेत. 1994 च्या माधुरी पाटील खटल्यानंतर तपासणी समित्यांची घडी बसली, 2001 पासून महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावण्याचे प्रकार सर्रास होत होते, म्हणून हे करावे लागले. हे विसरून समित्यांवर टीका करणे सोपे आहे. पण समितीपुढे उभ्या राहणाऱ्याला काय लागते? अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा. पणज्याची कोतवाल पंजीतली नोंद, आजोबांचा शाळेतला दाखल-खारीज उतारा, बंदोबस्ताच्या वेळची मिसल. ज्यांच्या पणज्याला शाळेत घेतलेच नाही आणि जमीन दिलीच नाही, त्यांच्याकडून शाळेचा आणि जमिनीचा कागद मागायचा. कागद नसला की आप्तभाव चाचणी: देव कोणता, लग्नात काय करता, प्रेत पुरता की जाळता. शहरात वाढलेल्या मुलीला गोंडी देवांची नावे सांगता आली नाहीत तर ती गोंड कशी, हा प्रश्न खरोखर विचारला गेला आहे. 24 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी निर्णायक मानू नये असे सांगितले. तरी बाई स्वतःच्या पोटाबद्दल जेवढी अविश्वसनीय, तेवढाच माणूस स्वतःच्या पूर्वजांबद्दल, ही रीत अजून हललेली नाही.

हे दोन्ही धागे एका जागी आले की काय होते याची दोन उदाहरणे आमच्या शेजारीच घडली. मार्च 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. देसाईगंज आज गडचिरोलीत आहे, अर्जुनी मोरगावला लागून. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले, कारण तिच्या अंगावर विरोधाच्या खुणा नव्हत्या. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांनी लिहिलेल्या खुल्या पत्रातून देशातली चळवळ उभी राहिली आणि 1983 मध्ये कायदा बदलला. त्या चळवळीने मथुरेची स्त्री म्हणून बाजू घेतली. ती आदिवासी, गरीब आणि पोरकी होती म्हणूनच ठाण्यात एकटी सापडली, हे बोलायला आणखी वर्षे गेली. दुसरे उदाहरण भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीचे, 29 सप्टेंबर 2006 चे. एका दलित कुटुंबातल्या चौघांचा बळी गेला, त्यात आई आणि मुलगी होत्या. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली, 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासावर आणली. अॅट्रॉसिटीचा कायदा लागू झाला नाही आणि लैंगिक अत्याचाराचा आरोपही टिकला नाही. निकालात उरला तो जुन्या वैराचा सूड. जात वगळली, देह वगळला, आणि मग काय घडले ते कोणालाच सांगता येईना.

या विषयावर विचार करणाऱ्यांच्या परंपरा ढोबळ मानाने ओळखता येतात, पण त्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत. खासगीपणाची परंपरा म्हणते, देहाचा निर्णय ज्याचा त्याचा, राज्याने दाराबाहेर थांबावे. तिच्यावरचा सर्वांत नेमका आक्षेप अमेरिकेत रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी घेतला: गर्भपाताचा हक्क समतेवर उभा करायला हवा होता, कारण खासगीपणा बाईला एकटी सोडतो. 1994 मध्ये तिथल्या काळ्या स्त्रियांनी प्रजनन न्यायाची कल्पना मांडली. मूल नको म्हणण्याइतकेच मूल हवे म्हणण्याचे आणि ते सुरक्षित वाढवण्याचे स्वातंत्र्यही हवे, असे त्यांचे म्हणणे. सक्तीच्या नसबंदीचा इतिहास पाहिलेल्या समाजाला हे लगेच कळते. मराठीत ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 1989 मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ मधून आंबेडकरी स्त्रियांचा आवाज पुढे आणला, शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीच्या जागेवरून स्त्रीवादालाच प्रश्न विचारले. अपंग हक्कांचे कार्यकर्ते विचारतात की व्यंग असलेल्या गर्भासाठी मुदत ओलांडता येते, तर त्यातून आमच्या जगण्याची किंमत काय ठरते? हा प्रश्न मला अजून नीट सोडवता आलेला नाही, आणि संग्रहातही तो सुटलेला नाही. आंबेडकरी घटनावादी आठवण देतात की घटना समाजाची जागा घेऊ शकत नाही. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांच्यातल्या ज्या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी दिला होता ती अजून तशीच आहे. आणि जात म्हणजे वंश का, हा 2001 च्या डर्बन परिषदेत पेटलेला वाद. बाबासाहेबांनी स्वतः जातीची वंशावर आधारलेली उपपत्ती नाकारली होती. म्हणून दोन दुःखांची तुलना करताना ती एकच आहेत असे समजू नये. हे पथ्य या पुस्तकाने पाळले आहे.

आत्ताच हे पुस्तक का? डॉब्ज निकालानंतर आपल्या वाहिन्यांवर काही दिवस भारत अमेरिकेच्या पुढे असल्याचा जल्लोष झाला. त्याच वेळी इथला डॉक्टर नवऱ्याची सही मागत होता. 1 ऑगस्ट 2024 रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली, आणि यादीच्या आत यादी करण्याचे काम आता राज्यांकडे आले आहे. एप्रिल 2025 मध्ये केंद्राने पुढच्या जनगणनेत जात मोजण्याचे ठरवले. म्हणजे कोण कोणत्या रकान्यात बसतो यावरचे भांडण वाढणार आहे, आणि त्या प्रत्येक रकान्याला कोणाची तरी सही लागणार आहे. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलम 312 चे 88 झाले. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्री त्या कलमात 1860 मध्ये होती, ती आजही आहे. वसाहतीचा कायदा गेला असे ज्यांनी जाहीर केले त्यांनी हे कलम वाचले होते का, असे विचारावेसे वाटते.

संग्रहाची रचना विषयवार नाही. कागदांच्या क्रमाने ती केली आहे: अर्ज, संमतीपत्र, दाखला, समितीचा आदेश, याचिका, निकाल. लिहिणाऱ्यांत वकील आहेत, रुग्णालयात काम केलेल्या परिचारिका आहेत, आश्रमशाळेचे शिक्षक आहेत, आणि समितीपुढे स्वतः उभे राहिलेलेही आहेत. सगळ्यांचे मत एक नाही आणि ते करण्याचा प्रयत्नही केला नाही. पुस्तकात अमेरिकेवर एकच लेख आहे, आणि तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण आपल्याकडचे वाचल्यावर तिकडचे जास्त कळते. उलटे केले तर आपण त्यांच्याच प्रश्नांची उत्तरे मराठीत लिहीत बसतो. काही मोठ्या जागा रिकाम्या आहेत. मुस्लिम स्त्रियांच्या अनुभवावर पुरेसे लिहिता आलेले नाही. पारलिंगी व्यक्तींच्या ओळखपत्राचा प्रश्न दाखल्याच्याच घरातला आहे, त्याला स्वतंत्र पुस्तक हवे.

कायद्याची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकाने संमतीपत्रावरच्या लेखापासून सुरुवात करावी आणि निकालांची नावे पाठ करण्याच्या फंदात पडू नये. आशाताई, ग्रामसेवक, सेतू केंद्रातले कर्मचारी आणि गावोगावचे वकील यांच्या हाती हे पुस्तक जावे अशी इच्छा आहे, म्हणून किंमत कमी ठेवली आहे. ज्यांच्याकडे समितीचे आदेश, परत आलेले अर्ज किंवा रुग्णालयाने कायद्याबाहेर मागितलेल्या सह्यांचे कागद असतील, त्यांनी नाव-गाव खोडून प्रत आमच्याकडे पाठवावी. पुढच्या आवृत्तीत त्यांचा समावेश करू.